पोटावर तरंगणारं बाळ

मांडवगण फराट्याहून घोडनदीकडे निघालं की इनामगाव फार दूर नाही. ऊस, कांदा, नदीकाठची काळी जमीन आणि त्या जमिनीत दडलेल्या टेकाडांखाली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इथे उत्खनन सुरू केलं ते १९६८–६९च्या हंगामात. पुढची बरीच वर्षं ते काम चाललं. मातीच्या घरांचे पाये, धान्याची बळदं, पाण्याचा पाट आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या रांजणांत पुरलेली मुलं, असं सगळं थराथराने वर आलं.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९६८मध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या संगणक परिषदेत आयव्हन सदरलँड या तिशीतल्या संशोधकाने एक निबंध मांडला. विषय होता डोक्यावर चढवायचा त्रिमिती पडदा. हार्वर्डमध्ये बॉब स्प्रोल आणि इतर विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्याने हे यंत्र उभं केलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या बाजूला दूरचित्रवाणीसारख्या दोन छोट्या नळ्या, त्यांतलं चित्र डोळ्यांत वळवणारे अर्धपारदर्शक आरसे, आणि डोकं कुठे वळलं हे मोजायला छतापासून खाली आलेला एक यांत्रिक दांडा. आरसे अर्धपारदर्शक असल्यामुळे समोरची खोली दिसत राही आणि तिच्यातच रेषांनी बनलेला एक घन अधांतरी उभा राही. माणूस बाजूला सरकला की घनाची दुसरी बाजू दिसे.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही मी त्या शेजारी ठेवतो, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच इच्छा आहे: जे समोर नाही ते, जिथे असायला हवं नेमक्या त्या जागी, खऱ्या जगात पाहायची. इनामगावच्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून ढवळीकरांनी ती घरं मनात उभी केली आणि नंतर कागदावर मांडली. सदरलँडला न दिसणारी वस्तू डोळ्यांसमोरच उभी करायची होती. त्याचं यंत्र कसं सुधारत गेलं हे सगळीकडे सांगितलं जातं. मला सांगायचं आहे ते त्या यंत्रामागे बसलेल्या डोळ्याबद्दल. यंत्र बनलं, पण डोळा त्याला फसायला तयार होईना. ही अडचण सोडवण्यात तीस-चाळीस वर्षं गेली आणि त्या वर्षांत नाशिकच्या एका मराठी माणसाचं मोलाचं काम आहे.

काचेतून आरपार पाहताना तिच्यावर उमटलेलं प्रतिबिंबही दिसतं, ही युक्ती जुनी. १८६२च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर याने रंगमंचावर तिरकी काच उभी केली आणि खाली लपलेल्या नटाचं भूत प्रेक्षकांसमोर चालवून दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची. १९००मध्ये डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबने हीच युक्ती बंदुकीच्या नेमासाठी वापरली: काचेवर नेमाची खूण, पण भिंगामुळे ती अनंत अंतरावर असल्यासारखी दिसणारी. पुढे लढाऊ विमानांत वैमानिकाच्या समोर काच आली आणि तिच्यावर उंची, वेग, लक्ष्य असं सगळं हिरव्या अक्षरांत उमटू लागलं. लोहगावच्या तळावरून उडणाऱ्या आणि शिरूर-दौंडच्या आकाशात गडगडाट करत जाणाऱ्या सुखोई विमानांतही अशी काच असते.

वैमानिकाच्या बाबतीत डोळ्याने फारसा त्रास दिला नाही. त्याचं कारण समजलं तर पुढची सगळी कथा समजते. धावपट्टी, क्षितिज, दुसरं विमान, सगळंच फार दूर. काचेवरची अक्षरंही भिंगाने फार दूर नेलेली. दोन्ही दूर, म्हणून डोळ्याला एकाच ठिकाणी नजर ठेवता येते. खरी अडचण हाताच्या अंतरावर सुरू होते.

एखादी वस्तू किती लांब आहे हे आपण एका खुणेवरून ठरवत नाही. पुढची वस्तू मागचीला झाकते, ही सर्वांत बळकट खूण. दोन डोळ्यांना थोडी वेगळी चित्रं दिसतात, ही दुसरी. जवळ पाहताना दोन्ही बुबुळं आत वळतात. अर्धा मीटर अंतरावर दोन नजरांमध्ये सुमारे सात अंशांचा कोन असतो, वीस मीटरवर तो पाव अंशाहूनही कमी. म्हणजे जवळच्या जगात ही खूण बोलकी आणि दूरच्या जगात जवळपास मुकी. शिवाय डोळ्यातलं भिंग जवळ पाहताना फुगतं, दूर पाहताना चपटं होतं. डोकं हलवलं की जवळच्या वस्तू झपाट्याने सरकतात, दूरच्या सावकाश. या सगळ्या खुणा रोजच्या आयुष्यात एकमेकींना दुजोरा देतात, म्हणून आपल्याला त्यांची जाणीवही नसते. डोक्यावरच्या पडद्यात मात्र त्या भांडू लागतात. पडद्यावरचं चित्र भिंगामुळे समजा दोन मीटरवर स्थिर आहे. दोन डोळ्यांना दाखवलेल्या चित्रांतला फरक मात्र सांगतो, वस्तू अर्ध्या मीटरवर आहे. बुबुळं आत वळतात, भिंग दोन मीटरवरच थांबू पाहतं. थोड्या वेळाने डोळे दुखतात, कपाळ जड होतं, आणि अंतराचा अंदाजही डगमगतो.

आरशातून येणाऱ्या आभासी चित्राची आणखी एक मर्यादा आहे. आरसा उजेडात उजेड मिसळू शकतो, मागचा उजेड अडवू शकत नाही. त्यामुळे अशा पडद्यावर काळा रंग दाखवताच येत नाही, आणि आभासी वस्तूतून मागची भिंत झिरपत राहते. वस्तू झाकत नाही म्हटल्यावर सर्वांत बळकट खूणच हातची गेली.

हे सगळं ठळकपणे समोर आलं ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या संगणक विभागात. फ्रेड ब्रुक्स यांनी १९६४मध्ये हा विभाग उभा केला होता. सदरलँड पुढे यूटाला गेला. त्या यूटा विद्यापीठात पीएच.डी. केलेले हेन्री फुक्स सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे आले. फुक्स यांना एकच ध्यास होता. डॉक्टर सोनोग्राफी करताना रुग्णाच्या पोटावर यंत्र फिरवतो आणि मान वळवून बाजूच्या पडद्याकडे पाहतो. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. चित्र रुग्णाच्या पोटातच, जिथलं आहे तिथेच दिसलं तर?

१९९२मध्ये मायकेल बाजुरा, हेन्री फुक्स आणि रयुतारो ओहबुची यांनी ते करून दाखवलं. एक गर्भवती स्वयंसेविका, डोक्यावर पडदा चढवलेला निरीक्षक, त्या पडद्याला लावलेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या पोटावर चढवलेलं सोनोग्राफीचं चित्र. स्थान बऱ्यापैकी जुळलं होतं, गणित बरोबर होतं. तरीही पाहणाऱ्याला बाळ पोटाच्या आत दिसेना. ते पोटावर चिकटवल्यासारखं, कातडीच्या वर तरंगल्यासारखं दिसे.

कारण साधं होतं. कातडी अपारदर्शक असते हे डोळ्याला जन्मापासून माहीत आहे. कातडीच्या पलीकडचं दिसतंय म्हणजे ते कातडीच्या अलीकडेच असणार, हा डोळ्याचा निष्कर्ष. संगणकाने कितीही अचूक आकडे दिले तरी हा निष्कर्ष बदलत नाही. मग संशोधकांनी पोटात एक आभासी खड्डा कोरला. कडा असलेला, खाली उतरत जाणाऱ्या भिंतींचा खड्डा, आणि त्याच्या तळाशी बाळाचं चित्र. १९९२च्याच निबंधात त्याचा पहिला प्रयत्न आहे. १९९४च्या पुढच्या प्रयोगात आंद्रेई स्टेट आणि सहकाऱ्यांनी गर्भाचं घनरूप चित्र अशा खड्ड्यात बसवलं. खड्ड्याची जवळची कड आतल्या भागाला झाकते, डोकं हलवलं की कडेआडून आतलं सरकतं, आणि नजरेला पटतं की हे आत आहे.

या खड्ड्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तो खोटा आहे, कोणाच्याही पोटात असा खड्डा नसतो. पण खऱ्या जागी खरी वस्तू दिसावी म्हणून तोच लागला. इनामगावला उद्या कोणी असा चष्मा घालून गेलं आणि घराच्या जमिनीखालचे रांजण पाहायचे म्हटलं तर तेही मातीवर ठेवल्यासारखेच दिसतील. आभासी खड्डा खणल्याशिवाय पुरलेलं पुरलेलं वाटणार नाही. उत्खनन करणाऱ्यांनी कुदळीने जे केलं तेच, निदान दिसण्यापुरतं, संगणकालाही करावं लागेल.

चॅपल हिलमध्येच दुसरी लढाई वेळेशी चालू होती. डोकं वळलं, यंत्राने ते मोजलं, संगणकाने नवं चित्र काढलं, पडदा उजळला. या साखळीत क्षण जातात, आणि तेवढ्यात डोकं पुढे गेलेलं असतं. सेकंदाला पन्नास अंशांनी मान वळली आणि एक दशांश सेकंद उशीर झाला, तर चित्र पाच अंशांनी मागे राहतं. हातभर अंतरावर ही चूक सुमारे पाच सेंटिमीटरची. सुई टोचणाऱ्या हाताला एवढी चूक परवडत नाही. रिचर्ड हॉलोवे याने आपल्या १९९५च्या प्रबंधात याचा तपशीलवार हिशेब मांडला आणि हातभर अंतरासाठी एक ठोकताळा दिला: मान साधारण वेगाने वळत असेल तर एक सहस्रांश सेकंदाचा उशीर म्हणजे एक मिलिमीटरची चूक. रोनाल्ड अझुमा आणि गॅरी बिशप यांनी १९९४मध्ये डोक्यावर वेग मोजणारी साधनं बसवली आणि मान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा आधीच अंदाज बांधून चित्र काढलं. अंदाज न बांधता होणाऱ्या चुकीपेक्षा ही चूक पाच ते दहा पट कमी भरली.

याच वर्षांत यंत्र बाजूला ठेवून माणसालाच मोजणं सुरू झालं, आणि मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. जॅनिक रोलँड या प्रकाशशास्त्रज्ञ, विल्यम गिब्सन आणि डॅन अरिएली यांनी १९९५मध्ये खरी वस्तू आणि आभासी वस्तू शेजारीशेजारी ठेवून लोकांना विचारलं, कोणती जवळ? साधारण मीटरभराच्या अंतरावर आभासी वस्तू किंचित दूर भासत होत्या. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात स्टीफन एलिस आणि ब्रायन मेंजेस वेगळ्या अंगाने शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगात माणूस आरपार दिसणाऱ्या पडद्यातून हातभर अंतरावरची आभासी आकृती पाही आणि एक खूण हलवून तिच्या बरोबर खाली आणे. मोकळ्या हवेत अंदाज ठीक येई. पण आकृतीच्या वाटेत खरा पृष्ठभाग आणून ठेवला की आकृती जवळ आल्यासारखी वाटे. खऱ्या पृष्ठभागाने बुबुळांना स्वतःकडे ओढलं होतं आणि आभासी वस्तूचं अंतर त्यामुळे बदललं होतं. शस्त्रक्रियेत अगदी हेच होणार, कारण तिथे कातडी वाटेत असतेच.

रोलँड आणि फ्रँक बिओका यांचा १९९८चा प्रयोग तर वाचताना अंगावर येतो. कॅमेऱ्यांतून जग दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये कॅमेरे खऱ्या डोळ्यांच्या जागी बसूच शकत नाहीत. ते थोडे पुढे आणि थोडे वर असतात. लोकांना असा हेडसेट घालून छिद्रांच्या पाटीवर खुंट्या बसवायला सांगितलं. सुरुवातीला हात चुकले, काम मंदावलं. हळूहळू सवय झाली. मग हेडसेट काढला आणि उघड्या डोळ्यांनी एका ठिकाणी बोट ठेवायला सांगितलं, तर बोट आता उलट दिशेला चुकू लागलं. थोड्या वेळात मेंदूने हात आणि डोळा यांचं जुनं नातं बदलून टाकलं होतं. सर्जनने असा हेडसेट काढून लगेच गाडी चालवावी का, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

दूरच्या अंतरासाठी आणखी एक पद्धत होती. माणसाला समोर एक लक्ष्य दाखवायचं, डोळे मिटायचे आणि त्या जागी चालत जायला सांगायचं. उघड्या जगात पाहिलेलं लक्ष्य असेल तर माणसं साधारण वीस मीटरपर्यंत आश्चर्यकारक अचूकतेने पोचतात. बंदिस्त हेडसेटमध्ये पाहिलेलं लक्ष्य असेल तर ती अलीकडेच थांबतात. आरपार दिसणाऱ्या हेडसेटमध्ये ही चूक कमी होते, पण राहतेच, असं एडवर्ड स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे दिसत गेलं. खरी जमीन पायाखाली दिसते म्हणून डोळा सावरतो.

आता चॅपल हिलच्या त्या विभागात आलेल्या मराठी विद्यार्थ्याकडे येतो. रमेश रासकर नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, शिकून ते हेन्री फुक्स आणि ग्रेग वेल्च यांच्याकडे पीएच.डी. करायला गेले. ज्या प्रयोगशाळेत हेडसेटचं वजन, उशीर, अरुंद दृष्टिक्षेत्र आणि डोळेदुखी या रोजच्या गप्पा होत्या, तिथे या तरुणाने वेगळाच रस्ता धरला. डोक्यावर काही चढवायचंच कशाला? चित्र थेट खऱ्या वस्तूवर पाडलं तर?

१९९८मध्ये रासकर, वेल्च, फुक्स आणि सहकाऱ्यांनी ‘ऑफिस ऑफ द फ्युचर’ हा निबंध मांडला: खोलीच्या छतात प्रोजेक्टर आणि कॅमेरे, भिंती आणि टेबलं हाच पडदा, आणि दूरचा सहकारी भिंतीच्या पलीकडच्या खोलीत बसल्यासारखा दिसणारा. त्याच वर्षी रासकर, वेल्च आणि फुक्स यांनी जागेतच वसवलेल्या आभासी जगाची कल्पना स्वतंत्रपणे मांडली, ज्याला इंग्रजीत पुढे स्पेशियल ऑग्मेंटेड रिॲलिटी हे नाव रूढ झालं. आणि २००१मध्ये आलं ‘शेडर लॅम्प्स’.

त्याचं प्रात्यक्षिक सांगायलाच हवं. टेबलावर ताजमहालाची एक कोरी, पांढरी प्रतिकृती. रंग नाही, नक्षी नाही. दोन बाजूंनी प्रोजेक्टर. कोणत्या प्रोजेक्टरमधला कोणता बिंदू प्रतिकृतीच्या कोणत्या कोपऱ्यावर पडतो हे संगणकाला ठाऊक. प्रोजेक्टर सुरू झाले की त्याच पांढऱ्या ठोकळ्यावर संगमरवराचा पोत आणि सावल्या उमटत. माणूस टेबलाभोवती फिरला तरी सगळं जागच्या जागी. चष्मा नाही, डोक्यावर काही नाही, आणि एकाच वेळी सगळ्यांना दिसणारं.

नजरेच्या दृष्टीने इथे काय घडलं? अंतराच्या ज्या खुणा हेडसेटमध्ये भांडत होत्या त्या इथे मुळातच भांडू शकत नव्हत्या. प्रतिकृती खरी होती. बुबुळं तिच्याकडेच वळत होती, भिंगही तिच्यावरच स्थिरावत होतं, पुढचा मिनार मागच्या घुमटाला खरोखर झाकत होता. संगणकाने अंतराला हातच लावला नाही, त्याने फक्त रंग आणि उजेड बदलला. डोळ्याला अंतराबद्दल खोटं सांगायची गरजच उरली नाही. मला ही या इतिहासातली सर्वांत सुंदर चाल वाटते. मर्यादाही उघड होती. जिथे पांढरी वस्तू आधीच ठेवलेली आहे तिथेच हे चालणार, अधांतरी काही उभं राहणार नाही, आणि पोटातलं बाळ तर नाहीच.

कल्याणच्या पटवर्धनांची आठवण इथे येते. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाहून अधिक दिवे, आणि पट्ट्या बदलत नेल्या की पडद्यावर हलणाऱ्या आकृती. रासकरांच्या कामाचा त्यांच्याशी थेट धागा जोडायचा नाही. पण दिव्याच्या झोतातून स्थिर पृष्ठभागावर चैतन्य आणणं ही महाराष्ट्राच्या ओळखीची कला आहे, आणि हा झोत शंभर वर्षांनी त्रिमिती वस्तूवर पडला तेव्हा त्यामागे नाशिकचा माणूस होता, याचा मला आनंद वाटतो.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २०००पासून रासकर अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. पीएच.डी. २००२मध्ये पूर्ण झाली. २००५मध्ये ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर याच विषयावर पुस्तक आलं. २००८मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि ‘कॅमेरा कल्चर’ हा गट सुरू झाला. प्रकाशाचा झोत बाटलीतून जाताना टिपणारा कॅमेरा याच गटाने जगाला दाखवला, आणि २०१६मध्ये रासकरांना पाच लाख डॉलरचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं. २०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्यांनी नाशिकमध्ये तरुणांना घेऊन ‘कुंभथॉन’ची चळवळ चालवली, गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर.

पण नजरेच्या कथेत याहून महत्त्वाचं काम २०१०चं आहे. आतापर्यंत पडदा डोळ्याला चित्र दाखवत होता आणि डोळ्याची कुरबूर सहन करत होता. व्हिटोर पाम्प्लोना, अंकित मोहन, मान्युएल ओलिवेरा आणि रासकर यांनी दिशा उलटवली: पडद्याकडूनच डोळा मोजून घ्यायचा. ‘नेत्र’ नावाचं ते उपकरण म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर बसवायची एक छोटी नळी, आत बारीक भिंगं किंवा छिद्रं. डोळा लावून पाहिलं की पडद्यावर रेषा दिसतात. डोळ्यात दोष नसेल तर त्या एकमेकींवर पडतात, दोष असेल तर त्या वेगळ्या दिसतात. माणूस बटण दाबत रेषा सरकवतो आणि त्या एकावर एक आणतो. किती सरकवल्या यावरून चष्म्याचा नंबर निघतो. सुट्या भागांचा खर्च त्यांनी सुमारे दोन डॉलर सांगितला होता.

भीमा आणि घोड नदीच्या मधल्या या पट्ट्यात राहणाऱ्याला हे काम का जिव्हाळ्याचं वाटतं हे वेगळं सांगायला नको. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलाला स्वतःला कळत नाही, कारण त्याने वेगळं जग पाहिलेलंच नसतं. घरच्यांना वाटतं पोराचं अभ्यासात लक्ष नाही. लहान गावातून नंबर काढायला तालुक्याच्या गावी जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. आपल्या डोळ्यात काय चुकतंय हे तो पाहणाराच बोटाने सांगू शकतो, आणि तेही खिशातल्या मोबाइलवर, हा विचार चॅपल हिलच्या प्रयोगांतून तयार झालेल्या मनालाच सुचू शकतो असं मला वाटतं. तिथेही माणसाला हेच तर करायला सांगत होते: ही खूण सरकव आणि तिच्या बरोबर खाली आण.

डोळ्याचा नंबर मोजता येतो म्हटल्यावर पुढचं पाऊल ओघाने आलं. २०१२मध्ये पाम्प्लोना आणि सहकाऱ्यांनी असा पडदा मांडला जो पाहणाऱ्याच्या दोषानुसार स्वतःच चित्र बदलतो, म्हणजे चष्म्याशिवाय पडदा स्पष्ट दिसावा. याच गटात डग्लस लॅनमन आणि गॉर्डन वेट्झस्टीन हे तरुण, पडद्यातून निघणाऱ्या प्रत्येक किरणाची दिशा ठरवणाऱ्या पडद्यांवर काम करत होते. खऱ्या वस्तूतून जसे किरण येतात तसेच पडद्यातून आले तर डोळ्यातलं भिंगही खऱ्यासारखंच फुगेल आणि चपटं होईल, हा त्यांचा मार्ग होता. मग संशोधन पुन्हा डोक्यावर परतलं. लॅनमन एन्व्हिडियात गेले आणि २०१३मध्ये डोळ्याजवळचा किरणदिशा ठरवणारा पडदा मांडला. तिथून ते ऑक्युलसमध्ये गेले. वेट्झस्टीन स्टॅनफर्डमध्ये.

फेसबुकने २०१८च्या मेमध्ये ‘हाफ डोम’ नावाचा प्रायोगिक हेडसेट दाखवला. तो आरपार दिसणारा नव्हता, पण त्यातली अडचण तीच होती. डोळा कुठे पाहतोय हे यंत्र मोजे आणि आतले पडदे मोटरने पुढे-मागे सरकवी, म्हणजे बुबुळं जिथे वळली तिथेच भिंगही स्थिरावे. २०१९च्या आवृत्तीत मोटर गेली. सहा द्रवस्फटिक भिंगांची चळत आली आणि तिच्यातून ६४ वेगवेगळी अंतरं मिळू लागली.

दुकानात मिळालेल्या आरपार हेडसेटांची गोष्ट मात्र वेगळी राहिली. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये होलोलेन्स आणला. त्याचं चित्र भिंगाने दोन मीटरवर बांधलेलं होतं. कार्यक्रम बनवणाऱ्यांना कंपनीचा सल्ला होता की आभासी वस्तू सव्वा ते पाच मीटरच्या दरम्यान ठेवाव्यात, म्हणजे डोळ्यांना त्रास होणार नाही. २०२४मध्ये दुसऱ्या होलोलेन्सचं उत्पादनही थांबलं. त्याच वर्षी बाजारात आलेला ॲपलचा हेडसेट आरशांऐवजी कॅमेऱ्यांतून जग दाखवतो. त्यामुळे त्यात काळा रंग दाखवता येतो आणि मागचं झाकताही येतं, पण कॅमेरे डोळ्यांच्या जागी नसण्याचा बिओका-रोलँड यांचा प्रश्न तिथे पुन्हा येतो, आणि तो सोडवायला संगणकाला प्रत्येक क्षणी दृश्य नव्याने रचावं लागतं.

दरम्यान चॅपल हिलच्या मंडळींनी आपला मूळ प्रश्न सोडला नव्हता. हेडसेट घालून स्तनाच्या कृत्रिम नमुन्यातल्या गाठीत सुई टोचायची आणि नेहमीच्या सोनोग्राफीशी तुलना करायची, असा प्रयोग त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला केला, आणि हेडसेटने सुई अधिक अचूक पडली. सुई धरलेला हात आणि गाठ डोळ्यांपासून जेमतेम हातभर अंतरावर असतात. बाजारात आलेल्या होलोलेन्सचं चित्र मात्र दोन मीटरवर बांधलेलं होतं, आणि त्याच्या घडणाऱ्यांचाच सल्ला सव्वा मीटरच्या आत वस्तू न आणण्याचा होता.